सूर्य मावळल्यावर सौर इंधन कसं बनतं?

कार्बन डायऑक्साइडपासून इंधन तयार केलं, आणि तेही रात्री, अशा अर्थाच्या बातम्या हल्ली अधूनमधून वाचायला मिळतात. वाचणारा बुचकळ्यात पडतो, आणि त्यात त्याची चूक नाही. इंधनाला 'सौर' म्हणायचं आणि सूर्य लागत नाही असंही सांगायचं, हे जमतं कसं? एक तर बातमी देणाऱ्याचा काही घोटाळा आहे, नाहीतर भौतिकशास्त्राचा.

भौतिकशास्त्र शाबूत आहे. सूर्याची ऊर्जा दिवसाच घ्यावी लागते, त्यातून सुटका नाही. फरक एवढाच, की ती घेणं आणि ती वापरून इंधन बनवणं ही दोन कामं वेगवेगळ्या वेळी करता येतात. मधल्या काळात ऊर्जा कुठेतरी थांबवून ठेवायची. कुठे आणि कोणत्या रूपात, यावरच सगळा वाद आहे. रात्रीच्या सौर इंधनाची कुठलीही बातमी वाचताना 'साठवण कुठे केली?' हा एक प्रश्न विचारला, तरी अर्धी बातमी उलगडते.

## कार्बन डायऑक्साइड इतका हट्टी का?

लाकूड, कोळसा, पेट्रोल यांपैकी काहीही जळलं की त्यातला कार्बन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि ऊर्जा बाहेर पडते. कार्बन डायऑक्साइड ही त्या प्रवासाची शेवटची पायरी. तिथून पुन्हा इंधनाकडे जायचं, तर बाहेर पडलेली सगळी ऊर्जा परत घालावी लागते, आणि व्यवहारात त्याहून बरीच जास्त. 'कार्बन डायऑक्साइडवर चालणारं इंजिन' असं कुणी सांगितलं तर सरळ दुर्लक्ष करावं. तो ऊर्जेचा स्रोत नाही, कच्चा माल आहे.

ऊर्जा परत घालायची म्हणजे त्या रेणूला इलेक्ट्रॉन द्यायचे. दोन इलेक्ट्रॉन दिले (आणि पाण्यातून येणारे हायड्रोजनचे कण सोबत असले) की कार्बन मोनॉक्साइड मिळतो. सहा दिले की मिथेनॉल आणि आठ दिले की मिथेन. म्हणजे जितकं चांगलं इंधन, तितके जास्त इलेक्ट्रॉन. पण नुसती संख्या पुरत नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉनमध्ये पुरेसा जोर असावा लागतो, नाहीतर तो कार्बन डायऑक्साइडला चिकटतच नाही.

हे नीट समजायला इमारतीच्या पाण्याची व्यवस्था डोळ्यासमोर आणा. पंप फक्त दिवसा चालतो, पण नळ रात्रीही सोडायचा आहे. मग टाकी हवी. टाकीत पाणी किती मावतं हे महत्त्वाचं, आणि टाकी किती उंचीवर आहे हेही तितकंच महत्त्वाचं. दुसऱ्या मजल्यावरच्या टाकीतून पाचव्या मजल्यावरच्या नळाला पाणी येणार नाही, मग टाकी कितीही मोठी असो. आपल्या गोष्टीत पंप म्हणजे सूर्य, पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन आणि उंची म्हणजे इलेक्ट्रॉनचा जोर. कार्बन डायऑक्साइडचा नळ बराच वरच्या मजल्यावर आहे.

## प्रकाश थेट वापरायचा तर

कल्पना जुनी आहे. इटालियन रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका व्याख्यानात कोळशाऐवजी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या रासायनिक उद्योगाचं चित्र उभं केलं होतं. प्रयोगशाळेत पहिलं ठोस पाऊल पडायला मात्र साठ वर्षं जावी लागली. १९७२ मध्ये जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं. रंगात आणि सनस्क्रीनमध्ये वापरतात तोच हा पांढरा पदार्थ. १९७९ मध्ये त्यांच्याच गटाने अशा पदार्थांची पूड पाण्यात मिसळून, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून, प्रकाशाखाली फॉर्मिक आम्ल आणि मिथेनॉलसारखी संयुगं थोड्या प्रमाणात मिळवली.

असे पदार्थ म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक: प्रकाश शोषून रासायनिक क्रिया घडवणारे अर्धवाहक. प्रकाशाचा कण पडला की आतला एक इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि मागे रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉनने कार्बन डायऑक्साइडकडे जावं आणि रिकाम्या जागेने पाण्यातून नवा इलेक्ट्रॉन खेचावा, ही अपेक्षा. बहुतेक वेळा होतं भलतंच. उडालेला इलेक्ट्रॉन परत आपल्याच रिकाम्या जागेत पडतो आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हे सेकंदाच्या अब्जांश भागात, कधी त्याहूनही लवकर घडतं. जो इलेक्ट्रॉन वाचतो त्यालाही पाण्यातल्या हायड्रोजनचं आकर्षण जास्त, कारण तिकडे जाणं सोपं. सहा इलेक्ट्रॉन एकाच कार्बनपर्यंत पोहोचून मिथेनॉल बनणं हे म्हणूनच दुर्मीळ.

या क्षेत्रातले शोधनिबंध वाचले तर उत्पादन बहुधा 'दर ग्रॅम उत्प्रेरकामागे, दर तासाला इतके मायक्रोमोल' असं दिलेलं असतं. एक मायक्रोमोल कार्बन मोनॉक्साइड म्हणजे २८ मायक्रोग्रॅम. 'शंभर मायक्रोमोल' हा आकडा भारदस्त वाटतो, पण तो तीन मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. यात हिणवण्यासारखं काही नाही, मूलभूत संशोधन असंच असतं. फक्त बातमीच्या मथळ्यातून हे प्रमाण गायब होतं.

## रात्र एवढी महाग का पडते?

इथे एक साधी शंका येते. रात्री उत्पादन बंद ठेवलं तर काय बिघडलं? सकाळी पुन्हा सुरू करायचं.

बिघडतं ते पैशाचं आणि यंत्राचं. सौर पॅनेल वर्षभरात सरासरी आपल्या पूर्ण क्षमतेच्या १५ ते २५ टक्केच वीज देतात. रात्र, सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन आणि ढग धरले की दिवसाचे चार ते सहा तासच पूर्ण जोराचे म्हणायचे. इंधनाचा महागडा कारखाना केवळ तेवढा वेळ चालला, तर त्याच्या भांडवलाचा सगळा बोजा थोड्याशा लिटरवर पडतो.

यंत्रांनाही ही उघडझाप मानवत नाही. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेनॉल बनवणाऱ्या रासायनिक भट्टीत २०० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या ५० ते १०० पट दाब लागतो. तांबं आणि जस्ताचा उत्प्रेरक तिथे स्थिर परिस्थितीत उत्तम काम करतो. रोज थंड करा, रोज तापवा असं केलं की त्याचं आयुष्य घटतं. हजार अंशांवर चालणाऱ्या सिरॅमिकच्या भागांना तर तडेच जातात.

म्हणून साठवण हवी. झाडांनीही हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवलेला आहे, आणि ती पद्धत समजुतीपेक्षा थोडी वेगळी आहे.

## झाडं रात्री साखर बनवतात का?

शाळेत प्रकाशसंश्लेषणाचे दोन भाग शिकवतात: प्रकाशात होणारी क्रिया आणि प्रकाश न लागणारी क्रिया. दुसरा भाग म्हणजे केल्विन चक्र. त्याबद्दल मेल्विन केल्विन यांना १९६१ चं नोबेल मिळालं. प्रकाश लागत नाही म्हटल्यावर अनेकांची समजूत होते की हा भाग रात्री चालतो. प्रत्यक्षात पहिल्या भागाने बनवलेला ऊर्जावाहक रेणूंचा साठा काही सेकंदांपुरताच असतो. अंधार झाला की केल्विन चक्र लवकरच थंडावतं, आणि वनस्पती दिवसा साठवलेल्या स्टार्चवर रात्र काढते.

निवडुंग, घायपात, अननस यांची युक्ती निराळी आहे. दिवसा पानाची छिद्रं उघडली तर पाणी उडून जातं, म्हणून ही झाडं रात्री छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत भरून ठेवतात. उजाडलं की छिद्रं बंद करून, आतला कार्बन सोडवून त्याची साखर बनवतात. इथे रात्रीसाठी ऊर्जा साठवलेली नाही. दिवसासाठी कच्चा माल साठवलेला आहे. हा फरक लक्षात असू द्या, पुढे एका गाजलेल्या बातमीत तो कामाला येणार आहे.

## इलेक्ट्रॉनच धरून ठेवायचे

सगळ्यात देखणी कल्पना ही आहे. प्रकाशाने वर उडवलेले इलेक्ट्रॉन पदार्थाच्या आतच अडकवून ठेवायचे आणि अंधारात हवे तेव्हा सोडायचे. पॅनेल, बॅटरी, तारा काही नको. एकाच पुडीत पंपही आणि टाकीही.

टंगस्टन ट्रायऑक्साइड हा पिवळसर पदार्थ यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात इलेक्ट्रॉन भरले आणि सोबत हायड्रोजनचे धनभारित कण आत शिरले की तो निळा होतो. वीज देताच गडद होणाऱ्या खिडक्यांच्या काचांत हाच गुण वापरतात. २००१ मध्ये टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी, त्यांत फुजिशिमाही होते, टायटॅनियम डायऑक्साइड आणि टंगस्टन ट्रायऑक्साइड यांची जोडी वापरून दिवसा इलेक्ट्रॉन साठवले आणि अंधारात त्यांच्या जोरावर पोलादाला गंजण्यापासून वाचवलं.

मग त्याच इलेक्ट्रॉननी कार्बन डायऑक्साइडचं इंधन का बनवू नये? अडचण उंचीची आहे. टंगस्टन ट्रायऑक्साइडमधले साठवलेले इलेक्ट्रॉन खालच्या मजल्यावर बसतात. गंज रोखायला तेवढा जोर पुरतो, कार्बन डायऑक्साइडला पुरत नाही. बाहेरून विजेचा थोडा धक्का द्यावा लागतो. हा योगायोग नाही. इलेक्ट्रॉन तास न् तास टिकायचा असेल तर तो एखाद्या खोलगट, आरामशीर जागी बसलेला असावा लागतो, आणि खोल बसला म्हणजे त्याचा जोर कमी झालाच. जास्त वेळ टिकवाल तर जोर घटेल, जोर राखाल तर लवकर निसटेल. या विषयावरचं बहुतेक संशोधन या दोन टोकांमधली जागा शोधण्यात गुंतलेलं आहे.

कार्बन आणि नायट्रोजनपासून बनवलेले काही पॉलिमर इथे बरेच पुढे गेलेत. जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या बेटिना लोच यांच्या गटाने २०१७ मध्ये असा कार्बन नायट्राइड दाखवला, ज्यात प्रकाशाने भरलेले इलेक्ट्रॉन दिवस-रात्रीच्या चक्राहून जास्त टिकले. नंतर अंधारात उत्प्रेरक मिसळताच त्यांनी हायड्रोजन सोडला. भरलेला पदार्थ इथेही निळा होतो, त्यामुळे साठा आहे की संपला हे डोळ्यांनाच दिसतं.

यात दोन मेखा आहेत. एक, अंधारात मिळाला तो हायड्रोजन. कार्बनचं इंधन त्याहून अवघड. दुसरी मेख जास्त महत्त्वाची: भरायचे इलेक्ट्रॉन पाण्यातून आले नव्हते, तर मुद्दाम घातलेल्या एका सेंद्रिय द्रव्यातून आले होते. प्रयोगशाळेत असं 'बळी जाणारं' द्रव्य सर्रास वापरतात, कारण पाण्यातून इलेक्ट्रॉन काढणं कठीण असतं. पण खऱ्या इंधननिर्मितीत इंधनापेक्षा महाग द्रव्य खर्ची घालून चालणार नाही. अंधारात इंधन बनल्याची बातमी आली की इलेक्ट्रॉन कुठून आणले हे अवश्य पाहावं.

आणि क्षमतेचं काय? हिशोब करून पाहू. एक किलो टंगस्टन ट्रायऑक्साइडमध्ये प्रत्येक टंगस्टन अणूमागे एक इलेक्ट्रॉन भरला, म्हणजे टाकी काठोकाठ, तर त्यातून जास्तीत जास्त २३ ग्रॅम मिथेनॉल बनू शकेल. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. उलट एक किलो हायड्रोजन हाताशी असेल तर त्यातून पाच किलोंहून जास्त मिथेनॉल बनतं. इलेक्ट्रॉन साठवणारे पदार्थ मला मनापासून आवडतात, पण रात्रभर कारखाना चालवण्याचं काम त्यांच्याकडून नजीकच्या काळात होईल असं वाटत नाही. ढग आला, प्रकाश क्षणभर कमी झाला, तेवढी फट भरून काढणं आणि इलेक्ट्रॉनला परत रिकाम्या जागेत पडण्यापासून वाचवणं, हा त्यांचा खरा उपयोग दिसतो.

## उष्णता साठवायची

दुसरा मार्ग आरशांचा. शेकडो आरसे सूर्यकिरण एका मनोऱ्यावर एकवटतात. स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या मोस्टोलेस इथे १६९ आरशांच्या अशा मनोऱ्यावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून केरोसीन बनवून दाखवलं गेलं. त्याचे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ही प्रक्रिया दोन पायऱ्यांची आहे. सुमारे १,५०० अंशांवर सिरियम ऑक्साइड हा पदार्थ आपला थोडा ऑक्सिजन सोडतो. मग तो सुमारे ९०० अंशांवर आणून त्यावरून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडले की तो त्यांच्यातला ऑक्सिजन परत हिसकावून घेतो. मागे उरतात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. या मिश्रणाला सिनगॅस म्हणतात. त्यापासून द्रव इंधन बनवण्याची रीत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकातच शोधून ठेवली आहे.

गंमत अशी की यातली दुसरी पायरी उष्णता मागत नाही, उलट थोडी देते. सूर्याची गरज फक्त पहिल्या पायरीला. ऑक्सिजन गमावलेला सिरियम ऑक्साइड हीच एक टाकी झाली, आणि ती चांगली उंचावरची आहे. अडचण कार्यक्षमतेची: मोस्टोलेसमध्ये सूर्याच्या ऊर्जेतली ४.१ टक्केच सिनगॅसमध्ये उतरली.

स्वित्झर्लंडच्या सिनहेलिऑन कंपनीने थोडा वेगळा रस्ता घेतला. २०२४ मध्ये जर्मनीतल्या युलिश इथे तिने 'डॉन' नावाचा छोटा कारखाना सुरू केला. तिथे आरशांची उष्णता सिरॅमिकच्या साठवणीत हजार अंशांच्या घरात ठेवतात, म्हणजे सूर्य मावळल्यावरही भट्टी चालू राहते. रात्रीचं सौर इंधन हे शब्द ज्याला अक्षरशः लागू पडतात असा हा प्रकल्प आहे. उत्पादन मात्र वर्षाला काही हजार लिटरच्या पातळीचं. शिवाय इथे कार्बन डायऑक्साइडबरोबर जैविक कचऱ्यातून आलेला मिथेनही वापरतात, म्हणजे इंधनातली सगळीच ऊर्जा सूर्याच्या उष्णतेची नसते.

## कंटाळवाणा पण चालणारा मार्ग: हायड्रोजन

सौर पॅनेलच्या विजेवर पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढायचा. तो टाकीत भरायचा. मग कार्बन डायऑक्साइडबरोबर भट्टीत घालून मिथेनॉल किंवा मिथेन बनवायचं, दिवसा आणि रात्रीही. यात नवलाईचं काहीच नाही. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेन बनवण्याच्या क्रियेला पॉल साबातिये यांचं नाव आहे आणि त्यांना नोबेल मिळालं १९१२ मध्ये. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर अंतराळवीरांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून पाणी परत मिळवायलाही हीच क्रिया वापरली गेली आहे.

मिथेनॉल बनण्याची क्रिया स्वतःच उष्णता देते. एकदा हायड्रोजन हाताशी आला की ऊर्जेचं अवघड काम झालेलंच असतं, पुढचा उतार. हायड्रोजनचे साठे नवे नाहीत. ब्रिटनमध्ये टीसाइड इथे मिठाच्या थरांतल्या जमिनीखालच्या पोकळ्यांत १९७२ पासून हायड्रोजन ठेवला जातो. अशा पोकळ्या सगळीकडे मिळत नाहीत, आणि दाबाखालच्या पोलादी टाक्या महाग पडतात, हे खरं. पण एका रात्रीपुरता साठा करणं ही अभियांत्रिकीची अडचण आहे. तिला नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

तोटा किती होतो? एक किलो मिथेनॉलला साधारण १.४ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ०.१९ किलो हायड्रोजन लागतो. हायड्रोजनच्या किलोमागे आजच्या यंत्रांत ५० ते ५५ युनिट वीज जाते, म्हणजे एक किलो मिथेनॉलला सुमारे १० युनिट. त्या मिथेनॉलमध्ये उरतात साडेपाच. कार्बन डायऑक्साइड गोळा करण्याची ऊर्जा यात धरलेलीच नाही. तेच मिथेनॉल इंजिनात जाळलं तर चाकापर्यंत जेमतेम दोन युनिट पोहोचतात.

## मग केंब्रिजची ती बातमी?

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या एर्विन राइझनर यांच्या गटाने हवेतून कार्बन डायऑक्साइड शोषून सूर्यप्रकाशाने त्याचा सिनगॅस बनवणारं उपकरण दाखवलं. यंत्र रात्री कार्बन डायऑक्साइड गोळा करतं, हे ऐकून अनेकांनी अर्थ लावला की इंधनही रात्रीच बनतं. तसं नाही. रात्री त्यातून हवा फिरते आणि खास लेप दिलेल्या सिलिकाला कार्बन डायऑक्साइड चिकटतो. दिवसा एकवटलेल्या उन्हाच्या उष्णतेने तो सुटतो आणि प्रकाश-उत्प्रेरकावर जाऊन त्याचा सिनगॅस होतो. निवडुंगाची युक्ती, बरोबर.

आणि ती शहाणपणाची आहे. हवेत दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम सव्वाचारशे रेणू असतात. एक किलो मिळवायला सुमारे १,३०० घनमीटर हवा गाळावी लागते, तीही त्यातला सगळाच्या सगळा पकडता आला तर. या सावकाश कामाला सूर्य लागत नाही, म्हणून ते रात्री उरकून घ्यायचं. शिवाय साठवायला कार्बन डायऑक्साइड सोपा. साध्या तापमानाला ५७ वातावरणांच्या आसपास दाब दिला की तो द्रव होतो. हायड्रोजनला असलं काही जमत नाही.

## जीवाणूंना अंधाराचं वावडं नाही

काही जीवाणू हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइड खाऊन इथेनॉल बनवतात. त्यांना प्रकाश लागतच नाही. लान्झाटेक कंपनी वापरते त्या जीवाणूची जात मुळात सशाच्या लेंड्यांत सापडली होती. २०१८ पासून चीनमधल्या एका पोलाद कारखान्याच्या वायूवर तो व्यापारी प्रमाणात इथेनॉल बनवतो आहे. सौर हायड्रोजन पुरवला तर हाच मार्ग सौर इंधनाचा होऊ शकतो. जीवाणू भट्टीपेक्षा कमी तापमानात काम करतात, पण कामाचा वेगही कमी.

## 'रात्री साधी ग्रिडची वीज घेतली तर?'

ती वीज कोळशाची असेल तर सगळाच खेळ उलटतो. कोळशाच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मिथेनॉलच्या किलोमागे दहा युनिट म्हणजे सुमारे दहा किलो सोडायचा, आणि पकडायचा १.४ किलो. असं इंधन पेट्रोलपेक्षा वाईट.

रात्रीही स्वच्छ वीज असेल तर प्रश्न मिटतो. आइसलँडमध्ये स्वार्ट्सेंगी इथला मिथेनॉल कारखाना भूऔष्णिक ऊर्जेवर उभारला गेला, वर्षाला सुमारे ४,००० टन क्षमतेचा. मिथेनॉलच्या अर्थव्यवस्थेची कल्पना मांडणारे नोबेल विजेते जॉर्ज ओलाह यांचं नाव त्याला दिलंय. चिलीच्या दक्षिण टोकाला पुंता अरेनासजवळचा 'हारू ओनी' हा कृत्रिम इंधनाचा प्रकल्प २०२२ अखेर सुरू झाला, तो पवनऊर्जेवर. या दोघांना कुणी सौर म्हणणार नाही, पण सूर्यावर अवलंबून असलेल्या कारखान्यांची स्पर्धा त्यांच्याशीच आहे.

## 'एवढी वीज वाया घालवण्यापेक्षा बॅटरी काय वाईट?'

मोटारीसाठी अजिबात वाईट नाही. दहा युनिटांतले दोन चाकापर्यंत नेण्यापेक्षा बॅटरीतून सात-आठ नेणं केव्हाही बरं. मोटारींसाठी सौर इंधन बनवण्याचा आग्रह मला कधीच पटलेला नाही.

विमानांचं तसं नाही. चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे पाव युनिटाच्या आसपास ऊर्जा मावते. केरोसीनमध्ये किलोमागे सुमारे बारा युनिट. महासागर ओलांडणाऱ्या विमानात एवढ्या वजनाची बॅटरी घेऊन उडता येत नाही. लांब पल्ल्याची जहाजं आणि उन्हाळ्यातली ऊर्जा हिवाळ्यासाठी राखून ठेवणं, तिथेही द्रव इंधनाचं पारडं जड राहतं.

## 'पण जाळल्यावर तो कार्बन पुन्हा हवेतच ना?'

हो. सौर इंधन हवेतला कार्बन कमी करत नाही, जमिनीखालचा नवा कार्बन वर काढणं टाळतं. तेही तो कार्बन हवेतून किंवा वनस्पतीजन्य स्रोतातून घेतला तरच. कोळशाच्या धुराड्यातून पकडलेला कार्बन इंधनात घालून जाळला तर तो एकाऐवजी दोनदा उपयोगी पडला इतकंच, शेवटी पोहोचला हवेतच.

झाडंच लावावीत, ही शंकाही रास्त आहे. जंगलाची किंमत इंधनात मोजू नये हे मान्यच, पण नुसता ऊर्जेचा हिशोब मांडला तर पिकं सूर्याच्या ऊर्जेतली साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी धरून ठेवतात, आणि पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढे जातात. हायड्रोजन आणि मिथेनॉलच्या वाटेवर अर्धी ऊर्जा गमावूनही पॅनेलचा मार्ग जमिनीच्या तुकड्यामागे कित्येक पट जास्त इंधन देतो.

## रात्रीचा हिशोब आता कायद्यात

इतके दिवस या प्रश्नाला एक पळवाट होती. वर्षभरात जितकी वीज वापरली तितकी सौर वीज कुठेतरी, कधीतरी तयार झाल्याचं दाखवलं की काम भागायचं. रात्री कोळशाची वीज घ्यायची आणि दुपारच्या उन्हाने कागदावर फिटंफाट करायची. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमांनी ती वाट अरुंद केली. २०२९ अखेरपर्यंत महिन्यागणिक मेळ चालेल. २०३० पासून मात्र हायड्रोजन ज्या तासात बनवला त्याच तासात तितकी नवीकरणीय वीज तयार झाली पाहिजे, किंवा ती आधी त्याच जागच्या साठवणीत भरलेली असली पाहिजे. विमान इंधनाबद्दलच्या युरोपच्या वेगळ्या नियमानुसार २०५० पर्यंत तिथल्या विमानतळांवर पुरवल्या जाणाऱ्या इंधनातला ३५ टक्के भाग अशा कृत्रिम इंधनाचा असायला हवा.

असं इंधन आज साध्या केरोसीनपेक्षा कित्येक पटींनी महाग आहे, आणि तासागणिक हिशोबामुळे सुरुवातीला ते आणखी महाग होईल असा उद्योगांचा आक्षेप आहे. तो खोटा नाही. पण त्यामुळेच नव्या कारखान्यांच्या आराखड्यात आता पॅनेलच्या संख्येबरोबर हायड्रोजनची टाकी किती तासांची, जोडीला पवनऊर्जा किती आणि रात्री भट्टी किती मंद चालवता येईल, हे आकडेही आधीच ठरवावे लागतात.